सुईचं टोक दिसतंय का? सोनोग्राफीत बघून सांध्यात इंजेक्शन द्यायला डॉक्टर कसे शिकतात

रावेर-यावलकडे केळीचे घड खांद्यावर वाहणारा मजूर असो, नंदुरबारात मिरचीचे देठ खुडणारी बाई असो, नाहीतर भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले आप्पा असोत, सांधा धरला की आपल्याकडचा क्रम ठरलेला आहे. आधी तेल, मग मलम, मग मेडिकलवरची गोळी, आणि महिना-दोन महिने गेले की कुणीतरी सांगतं, "त्या डॉक्टरकडे जा, एकच इंजेक्शन मारतात, हात मोकळा होतो." काहींचा होतोही. काहींचा पंधरा दिवस मोकळा राहतो आणि पुन्हा जाम होतो. काहींना कणभर फरक पडत नाही. याची कारणं बरीच असतात. कधी निदानच चुकलेलं असतं, कधी दुखणं त्या औषधाचं नसतंच. पण एक कारण अगदी साधं असतं: औषध जिथे पडायला हवं होतं तिथे पडलेलंच नसतं, ते शेजारी पडलेलं असतं.

म्हणून आता बरेच डॉक्टर सोनोग्राफी लावून, स्क्रीनवर सुई बघत बघत इंजेक्शन देतात. गरोदर बाईच्या पोटावर फिरवतात त्याच जातीचं मशीन, फक्त प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा भाग, वेगळा. पेशंटला वाटतं, मशीन आलं म्हणजे नेम चुकणार नाही. मशीन विकणाराही तेच सांगतो. मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनआधी हातापायाची नस, म्हणजे मज्जातंतू, बधिर करायला मला रोजच प्रोब हातात धरावा लागतो, त्यामुळे हाडांचे, संधिवाताचे, पुनर्वसनाचे डॉक्टर हे शिकायला लागतात तेव्हा मला बाजूला उभं राहून बघायला मिळतं. तेवढ्यावरून सांगतो, मशीन चालवणं दोन दिवसांत येतं. सुईचं टोक क्षणभरही नजरेआड होऊ न देणं, आणि झालं तर तिथेच थांबणं, हे यायला पुष्कळ वेळ लागतो. सगळं शिक्षण त्या टोकाभोवती फिरतं.

मशीन काय दाखवतं आणि काय लपवतं

प्रोबमधले स्फटिक आवाजाच्या लहरी शरीरात सोडतात आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपतात. या लहरी आपल्या कानाला ऐकू येत नाहीत. मऊ मांसपेशींमधून त्या सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातात. लहर जायला आणि यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन खोली मोजतं आणि चित्र रंगवतं. पोट बघायला 2 ते 5 मेगाहर्ट्झचा गोलसर प्रोब चालतो, कारण तिथे खोलवर पोचायचं असतं. खांदा, मनगट, बोट यांना 7 ते 15 मेगाहर्ट्झच्या आसपासचा सपाट प्रोब लागतो. तो खोल जात नाही, पण वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमधला बारकावा स्वच्छ दाखवतो. जाड माणसाच्या खुब्याचं इंजेक्शन द्यायचं झालं तर पुन्हा पोटाचाच प्रोब काढावा लागतो आणि चित्र धूसर होतं. याला इलाज नाही.

स्क्रीनवर पाणी काळं दिसतं. हाडाचा वरचा पापुद्रा लख्ख पांढरा, आणि त्याच्या मागे सगळा काळोख, कारण लहर हाडापलीकडे जात नाही. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, म्हणजे डॉक्टर ज्याला टेंडन म्हणतात ती, बारीक पांढऱ्या समांतर रेषांची दिसते. नस आडवी कापल्यासारखी बघितली तर काळे ठिपके आणि त्यांच्याभोवती पांढरी जाळी.

इथपर्यंत पुस्तकातून पाठ करता येतं. नवशिके फसतात ते पुढे. टेंडनवर लहर अगदी काटकोनात पडली तरच तो पांढरा दिसतो. प्रोब जरासा कलला की तोच धडधाकट टेंडन काळा पडतो, आणि फाटलेला टेंडनही काळाच दिसतो. मग शिकाऊ डॉक्टर उत्साहाने म्हणतो, "सर, फाटलाय!" शिकवणारा काही बोलत नाही, त्याच्या हातातला प्रोब थोडा उलट बाजूला कलवतो. टेंडन पुन्हा पांढरा. हा चकवा शंभर वेळा खाल्ल्याशिवाय डोळा तयार होत नाही. ज्याने तो खाल्लेला नाही त्याने दिलेला रिपोर्ट मी तरी दोनदा वाचतो.

दुसरा चकवा सुईचा. प्रोबमधून निघणारा लहरींचा पडदा फार पातळ असतो, जेमतेम मिलिमीटरभराचा. खांद्यात वापरतात ती 22 नंबरची सुई 0.7 मिलिमीटर जाडीची. दुपारी अंधाऱ्या खोलीत दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप येते आणि धुळीचा कण त्या तिरीपेत असेपर्यंतच दिसतो, जरा बाजूला सरकला की नाहीसा होतो. सुईचं तसंच आहे. ती शरीरातच असते, पुढे सरकतही असते, पण पडद्याच्या केसभर बाहेर गेली की स्क्रीनवर नसते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे सुईचा मधला भाग पडद्यात आणि टोक बाहेर. स्क्रीनवर सुई दिसते, डॉक्टरला वाटतं टोक इथेच संपलं, आणि खरं टोक सेंटिमीटरभर पुढे कशात तरी घुसलेलं असतं.

आधी सुईला हात लावायचा नाही

चांगल्या प्रशिक्षणात पहिले कित्येक तास सुई टेबलावर येतच नाही. शिकणारे डॉक्टर एकमेकांचे खांदे, मनगटं, गुडघे बघतात. एकाने शर्ट काढून स्टुलावर बसायचं, दुसऱ्याने जेल लावून प्रोब ठेवायचा. खांदा बघण्याचा एक क्रम आहे आणि तो मोडायचा नाही. पुढून सुरुवात, दंडाच्या बेटकुळीचा टेंडन हाडाच्या खाचेत नीट बसलाय का. मग हात बाहेर फिरवून त्याच्या शेजारचा टेंडन. मग पेशंटला सांगायचं, पँटच्या मागच्या खिशात हात घालतो तसा तळवा कमरेवर ठेवा आणि कोपर मागे न्या. तसं केलं की हाडाच्या छताखाली लपलेला सुप्रास्पायनेटस हा टेंडन पुढे सरकतो आणि दिसायला लागतो. सगळ्यात जास्त झिजणारा आणि फाटणारा टेंडन हाच. मग वरचा कॉलरबोनचा छोटा सांधा, मग मागून मुख्य सांधा.

अनुभवी सर्जनलाही हे करताना घाम फुटतो. खांदा उघडून शंभरदा बघितलेला असतो, पण तोच खांदा करड्या रंगात, आडवा काप घेऊन बघायची सवय नसते. उलट सोनोग्राफी करणाऱ्या रेडिओलॉजिस्टला चित्र लगेच कळतं, पण पेशंटचा हात तपासून दुखणं नेमकं कुठलं हे ठरवायची सवय कमी असते. भूलतज्ज्ञाला सुई आणि नस दोन्ही येतात, पण टेंडन बघायची सवय नसते. प्रत्येकाचं काहीतरी अर्धं असतं. म्हणून एकाच वर्गात या तिघांना एकत्र बसवलं की शिकणं भराभर होतं, असं माझं मत आहे. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा ज्याची त्याची संघटना आपापली कार्यशाळा वेगळी भरवते.

प्रोब धरण्याचीही शिस्त आहे. नुसता प्रोब हवेत धरला तर तो घसरतो, जेलमुळे जास्तच. करंगळी आणि तळव्याची कड पेशंटच्या अंगावर टेकवायची, म्हणजे हात स्थिर राहतो. दाबायचं बेताने. जास्त दाबलं तर सांध्यातलं थोडंसं पाणी बाजूला पळतं आणि डॉक्टर सांगतो, "सूज नाही." स्क्रीन कुठे ठेवायची हेही शिकवावं लागतं. डॉक्टरचे डोळे, सुई, प्रोब आणि स्क्रीन एका रेषेत हवेत. आपल्या लहान लहान ओपीडींत मशीन जिथे प्लगपॉइंट तिथे उभं असतं, डॉक्टर मान मागे वळवून स्क्रीन बघतो आणि पुढे सुई घालतो. अशाने चुका होतातच, आणि पाच वर्षांत डॉक्टरचीच मान धरते.

चायना ग्रासचा खांदा

पेशंटवर पहिला हात मारायचा नाही, हे उघड आहे. मग कशावर? बाजारात सरावासाठी रबरासारखे तयार ठोकळे मिळतात, पण ते महाग असतात आणि सुया टोचून टोचून लवकर खराब होतात. म्हणून जगभर डॉक्टर ते घरीच बनवतात. नेहमीची पाककृती जिलेटिनची: पाण्यात जिलेटिन दाट उकळायचं, त्यात इसबगोल घालायचा आणि डब्यात थिजवायचं. इसबगोल एरवी पोट साफ व्हायला घेतात. इथे तो यासाठी घालतात की नुसतं जिलेटिन स्क्रीनवर एकदम काळं, पाण्यासारखं दिसतं. भुशी घातली की खऱ्या मांसासारखा करडा रवाळपणा येतो. थिजायच्या आधी आत द्राक्ष बुडवायचं. ते स्क्रीनवर पाण्याच्या गाठीसारखं काळं, गोल दिसतं. सुई त्यात नेऊन थांबवायची, आरपार न जाऊ देता.

खान्देशात या पाककृतीची एक अडचण आहे. जिलेटिन तीस-पस्तीस अंशांच्या आसपास वितळायला लागतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या घरात जातो. एसी बंद पडला की सकाळी बनवलेला खांदा दुपारपर्यंत ट्रेमध्ये वाहायला लागतो. यावर उपाय किराणा दुकानातच आहे. पुडिंगला वापरतात तो चायना ग्रास, म्हणजे अगर. तो एकदा थिजला की 80 अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. थोडा ठिसूळ असतो, सुईच्या वाटा त्यात राहून जातात, पण उन्हाळ्यात टिकतो. कोंबडीची तंगडीही चांगली. तिच्यात खरं हाड आहे, खरे टेंडन आहेत आणि सांधाही आहे. फक्त त्या दिवशी कुणाच्या डब्यात चिकन असेल तर जेवण जात नाही.

या ठोकळ्यावर पहिला नियम शिकवतात: एका वेळी एकच हात हलवायचा. सुई दिसेनाशी झाली की माणूस घाबरून दोन्ही हात हलवतो, प्रोब इकडे आणि सुई तिकडे. मग दोघांची भेट कधीच होत नाही. बरोबर पद्धत अशी की सुई आहे तिथे थांबवायची, स्क्रीनवरची नजर काढून हातांकडे बघायचं, सुई आणि प्रोब एका रेषेत आहेत का ते पाहायचं, आणि फक्त प्रोब तसूभर सरकवून सुई पुन्हा पडद्यात आणायची. टोक दिसल्याशिवाय सुई पुढे न्यायची नाही. ऐकायला अगदीच सोपं आहे. पण सुई आत असताना थांबणं हाताला पटत नाही. पुढे ढकललं की दिसेल असं सारखं वाटत राहतं.

सुई घालायच्या रीती मुख्यतः दोन. पहिल्या रीतीत सुई प्रोबच्या लांबीला समांतर येते आणि कातडीपासून टोकापर्यंत सगळी दिसते. दुसऱ्या रीतीत ती प्रोबला आडवी येते आणि स्क्रीनवर फक्त एक पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका टोकाचा की मधल्या दांडीचा, हे ओळखणं हेच त्या रीतीतलं कसब. ठिपका दिसेनासा होईपर्यंत प्रोब पुढे सरकवायचा, मग सुई थोडी पुढे न्यायची, ठिपका पुन्हा आला की तोच टोक. बोटाचे छोटे सांधे, कॉलरबोनचा सांधा इथे जागाच नसते, म्हणून दुसरी रीत लागते. नवख्याने पहिली रीत पक्की होईपर्यंत दुसरीकडे वळू नये.

सिरिंजमधली हवा काढणं हे कुठल्याही नर्सला येतं. इथे मात्र त्याला जास्त महत्त्व आहे. हवेचा एक बुडबुडा आत गेला तरी स्क्रीनवर पांढरा ढग उठतो, त्याच्यामागे सावली पडते, आणि पुढची दोन मिनिटं काही दिसत नाही.

ठोकळ्यानंतर मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात देहावर सराव करता आला तर फार उत्तम. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, म्हणजे ही सोय जिल्ह्यातच उभी करता येण्यासारखी आहे. अडचण एवढीच की फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला देह कडक होतो. त्यात सुईचा स्पर्श जिवंत माणसासारखा लागत नाही आणि सांधेही वाकत नाहीत. देह मऊ ठेवणाऱ्या पद्धती आहेत, पण त्या खर्चिक. आणि देहदान होतं तेव्हाच हे शक्य होतं, हेही नातेवाइकांना कधीतरी सांगायला हवं.

खांद्यातलं एक इंजेक्शन, जवळून

समजा पन्नाशीची शेतकरीण आली आहे. म्हणते, "खांदा भलता दुखस, रातले झोप नही." हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात दुखतो. तपासणीत आणि सोनोग्राफीत टेंडन शाबूत आहे, पण त्याच्यावरची पिशवी सुजली आहे. ही पिशवी म्हणजे बर्सा. वरचा डेल्टॉइड स्नायू आणि खालचा टेंडन एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये असलेला चिकट पदर. निरोगी माणसात तो दोन मिलिमीटरहूनही पातळ असतो. औषध या पदरात पडायला हवं. वर पडलं तर स्नायूत जातं आणि फुकट. खाली पडलं तर टेंडनच्या आत जातं, आणि हे औषध म्हणजे सूज उतरवणारं स्टिरॉइड, ते टेंडनच्या आत सोडणं धोक्याचं, त्याने टेंडन कमकुवत होऊन तुटू शकतो.

कातडी क्लोरहेक्सिडिनने पुसली जाते. प्रोबवर निर्जंतुक आवरण, आणि सुईजवळ निर्जंतुक जेल. इथे एक सांगून ठेवतो, कारण फार ठिकाणी बघितलं आहे: टेबलावरची जेलची मोठी बाटली निर्जंतुक नसते. पाच लिटरच्या कॅनमधून ती पुन्हा पुन्हा भरतात. तपासायला ती चालते. सुई घालणार असाल तर नाही.

सुई बाजूने, शक्य तितकी आडवी जाते. जितकी आडवी तितकी चकचकीत दिसते, तिरकी खोल गेली की लहर परत येत नाही आणि सुई पुसट होते. टोक पदराशी आलं असं वाटलं की डॉक्टर थेंबभर सलाइन सोडतो. टोक स्नायूत असेल तर स्नायूतच फुगीर डाग दिसतो. टेंडनमध्ये असेल तर सोडताना जोर लागतो, आणि तिथे जोर लावायचाच नसतो, सुई मागे घ्यायची. टोक बरोबर पदरात असेल तर दोन थर अलगद विलग होतात आणि मध्ये काळी पट्टी लांबच लांब उघडत जाते. ती उघडली की मग औषधाची सिरिंज. ट्रायअॅमसिनोलोनसारखं दुधी औषध त्या काळ्या पट्टीत पांढरं घुसळताना दिसतं. पेशंट सहसा स्क्रीनकडे बघत असते आणि विचारते, "ते काय हालतंय?" डॉक्टरने सांगावं. माणूस काय होतंय ते बघत असला की खांदा ताठ धरत नाही.

मिरची खुडणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायकांच्या अंगठ्याच्या मुळाशी होणारं दुखणं बघा. अंगठ्याचे दोन टेंडन मनगटावर एका बोगद्यातून जातात, तिथे सूज येते. बऱ्याच जणांत त्या बोगद्यात मधोमध एक पडदा असतो, म्हणजे खरं तर दोन बोगदे. हाताने चाचपून इंजेक्शन दिलं की औषध एकाच कप्प्यात जातं आणि दुसरा दुखतच राहतो. सोनोग्राफीत तो पडदा आधीच दिसतो. शिवाय हे सगळं कातडीच्या लगेच खाली. स्टिरॉइड वर सांडलं तर तिथली कातडी पांढरी पडते, खालची चरबी विरते. सावळ्या हातावर तो डाग महिनोन् महिने उठून दिसतो, आणि गावात कोड म्हणून कुजबूज सुरू होते. नेमकेपणाचा खरा फायदा मला खांद्यापेक्षा इथे जास्त दिसतो.

नेम लागला म्हणजे बरं वाटलं, असं नाही

गुडघ्यात हाताने चाचपून दिलेलं इंजेक्शन साधारण पाचात चार वेळा सांध्यात जातं, सोनोग्राफीने 95 टक्क्यांच्या वर. कॉलरबोनच्या छोट्या सांध्यात फरक याहून मोठा, तिथे चाचपून देणाऱ्यांचा नेम वरचेवर चुकतो. म्हणजे अचूकता वाढते, यात वाद नाही.

पण पेशंटला अचूकता नको असते, आराम हवा असतो. 2009 साली नॉर्वेतल्या डॉक्टरांनी खांदेदुखीवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला सोनोग्राफीत बघून बर्सात स्टिरॉइड दिलं, दुसऱ्या गटाला तेच स्टिरॉइड कुल्ल्यावर. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. नंतर 2012 साली सगळे उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही खांद्याच्या इंजेक्शनात सोनोग्राफीने जास्त आराम मिळतो असं ठाम सांगता आलं नाही. हे वाचून मशीनवाले नाराज होतात. मला यातून एवढं कळतं की प्रत्येक खांद्याला मशीन लागतंच असं नाही. चाचपून उत्तम इंजेक्शन देणारा जुना हात असेल तर साध्या गुडघ्यासाठी त्याला नाव ठेवायचं कारण नाही. खोल खुबा, नसेजवळची जागा, छोटा सांधा, किंवा आधी चाचपून देऊन फसलेलं इंजेक्शन, इथे मात्र बघून द्यावं.

म्हणूनच प्रशिक्षणाचा एक मोठा भाग सुई न घालण्याचा असतो. टेनिस एल्बो घ्या. कोपराच्या बाहेरच्या बाजूला स्टिरॉइड दिलं की महिनाभर छान वाटतं, पण वर्षाने पाहिलं तर इंजेक्शन घेतलेले लोक नुसते थांबलेल्यांपेक्षा मागे राहिलेले आढळतात. गुडघ्याच्या झिजेवर दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं स्टिरॉइड देऊन केलेला अभ्यास 2017 साली आला. दुखणं नुसत्या सलाइनच्या इंजेक्शनएवढंच राहिलं, आणि कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, मात्र जास्त झिजली. रक्तातले प्लेटलेट काढून गुडघ्यात सोडायची जाहिरात आता तालुक्याच्या चौकातही दिसते. 2021 साली ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत वर्षभराने त्याचाही परिणाम सलाइनपेक्षा वेगळा निघाला नाही. स्क्रीनवर टोक कितीही सुरेख दिसत असलं तरी अशा ठिकाणी त्याचा उपयोग नाही. उलट मशीन हाती आलं की डॉक्टरला इंजेक्शन द्यावंसं वाटायला लागतं, आणि तेही शिकवणाऱ्याने तोंडावर सांगायला हवं.

मशीनचा कायदा

इतर देशांतल्या डॉक्टरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागते. भारतात सोनोग्राफी मशीन फ्रीजसारखं विकत आणून वापरता येत नाही. गर्भलिंग निदान रोखण्याच्या 1994 च्या कायद्याखाली, जो 2003 पासून आणखी कडक झाला, प्रत्येक मशीनची आणि ते ज्या जागेत आहे त्या जागेची नोंदणी लागते. तुम्ही फक्त खांदे बघणार असलात तरी. हातात मावणारं मशीनही बॅगेत घालून गावोगाव फिरवता येत नाही, फिरत्या वैद्यकीय पथकासारखे मोजके अपवाद सोडून. म्हणून कार्यशाळेसाठी मशीन आणायचं झालं तरी आधी समुचित प्राधिकाऱ्याची, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची, परवानगी लागते.

यावर डॉक्टर कुरकुर करतात. कागदपत्रांचा ताप खरा आहे, आणि घरी मशीन नेऊन रात्री स्वतःच्या मनगटावर सराव करता येत नाही हेही खरं. पण 2011 च्या जनगणनेत मुलींचं प्रमाण फार घसरलेल्या महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांत जळगाव होतं. नियम कुठल्या कारणाने आला हे आपल्याला बाहेरच्याने सांगायची गरज नाही. त्यामुळे सराव नोंदणीकृत जागेतच, म्हणजे कॉलेजात किंवा मोठ्या हॉस्पिटलातच व्हावा लागतो. ठरलेल्या दुपारी तिथलं मशीन शिकणाऱ्यांसाठी मोकळं ठेवलं तर तो होऊही शकतो. आज अडतं ते त्या दुपारीपाशी. ओपीडी संपत नाही.

किती झाले की पुरे?

अमेरिकेत सांधे-स्नायूंच्या सोनोग्राफीचं एक नावाजलेलं प्रमाणपत्र आहे. त्यासाठी किमान 150 तपासण्यांचा अनुभव दाखवावा लागतो, मग परीक्षा. आपल्याकडे शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लागतं. कार्यशाळा वाईट नसते. तिथे क्रम कळतो, चकवे कळतात, चांगली माणसं भेटतात. पण सोमवारी सकाळी आपल्या ओपीडीत पहिला पेशंट येतो तेव्हा शेजारी कुणी नसतं, आणि शिकण्याचा खरा भाग तिथे अडतो. कुणीतरी मागे उभं राहून "थांब, टोक कुठे आहे?" विचारणारं हवं, निदान सुरुवातीला. जवळ कुणी नसेल तर एक मार्ग आहे: प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी टोक जागेवर असतानाचा फोटो किंवा छोटी क्लिप मशीनमध्ये साठवायची, नाव झाकून महिन्यातून एकदा जाणत्या सहकाऱ्याला दाखवायची. ज्या केसमध्ये टोक दिसलं नाही तीही दाखवायची. तीच पहिल्यांदा.

आकड्यापेक्षा मला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी पाणी भरलेला गुडघा, कारण तिथे काळं तळं मोठं असतं आणि सुई चुकणं अवघड. मग बर्सा. मग मनगट आणि बोटं. खुबा आणि नसेजवळची कामं सगळ्यात शेवटी. काही हुशार मंडळी दुसऱ्याच आठवड्यात नसेकडे वळतात, कारण तिथे पैसे बरे मिळतात.

पेशंट म्हणून तुम्ही काय करायचं? डॉक्टरला विचारा की इंजेक्शन नक्की कशासाठी, कोणतं औषध, आणि बघून द्यायची गरज आहे का. चांगला डॉक्टर रागावत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, अंगात ताप असेल किंवा त्या जागी कातडीवर फोड, जखम असेल तर आधीच सांगा. गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरत असेल तर तेही सांगा, कारण त्याआधीच्या तीन महिन्यांत त्या गुडघ्यात स्टिरॉइड देणं टाळतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. साखरेचा आजार असेल तर स्टिरॉइडनंतर काही दिवस, कधी आठवडाभर, साखर चढलेली राहते. घरी ग्लुकोमीटर असेल तर रोज तपासा, आणि त्या आठवड्यात लग्नाच्या पंगतीत जिलेबीला नाही म्हणा. पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणं थोडं वाढलं तर बर्फ शेका, घाबरू नका. पण सांधा लालभडक होऊन तापला, ताप आला, किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी रोज वाढतच गेलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता इंजेक्शन दिलेल्या डॉक्टरलाच फोन करा आणि सांध्यातलं पाणी तपासायला सांगा.